पांढऱ्या पायाच्या घोड्यासाठी कोल्हापूरला

लोक कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, नाहीतर गूळ आणायला जातात. मी गेले ती एका इंग्रजी सिनेमाची परीक्षा घ्यायला, आणि हे मला तिथं पोचेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. परत आल्यापासून गावातला प्रत्येक जण विचारतोय, बाई, सुट्टीत आठवडाभर होतात कुठं? प्रत्येकाला निराळं सांगून माझा घसा बसला, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांनी घाट चढून पलीकडचा मुलूख पाहिलेला नाही, त्यांनी निवांत वाचावं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात हायस्कुलात इंग्रजी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. माझ्या हातून फुकटचा मार्क सुटत नाही अशी माझी ख्याती आहे आणि मला ती आवडते. धाकटी बहीण कुसुम कोल्हापूरला मंगळवार पेठेत दिलेली आहे. तिचं एप्रिलात पत्र आलं : "ताई, या सुट्टीत काहीही करून ये. इथं सगळ्यांना तुझी फार गरज आहे." मला वाटलं, कोणी आजारी आहे. मी डिंकाचे लाडू वळले, फणसपोळ्या बांधल्या, आगळाची बाटली भरली आणि एसटीत बसले.

बुधवार, आंबा घाट

आगळ म्हणजे कोकमाचा गच्च लाल रस. तो काचेच्या बाटलीत भरून, बूच ठोकून, बाटली मांडीवर घेऊन मे महिन्यात घाट चढू नये, एवढं ज्ञान मला त्या दिवशी मिळालं. तिसऱ्या वळणावर बूच टपावर आपटलं. मी पांढरी साडी नेसले होते.

कोल्हापूरच्या स्टँडवर मी उतरले तेव्हा छातीपासून निऱ्यांपर्यंत लालभडक होते. एक पैलवानी अंगाचा माणूस धावत आला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, कुठं लागलंय? कुणी केलं, नाव सांगा निस्तं." भोवती पंधरावीस माणसं जमली. कोणी रिक्षा आणायला धावला, कोणी ड्रायव्हरला खाली ओढायला निघाला. मी म्हटलं, अहो, हा आमसुलाचा रस आहे. त्यावर त्या माणसाचा चेहरा अगदी पडला. तरी त्याने माझी पिशवी उचलली आणि मंगळवार पेठेच्या रिक्षात मला नेऊन बसवलं. आमच्याकडे असं झालं असतं तर चार माणसं लांबूनच बघती, आणि घरी गेल्यावर त्यावर महिनाभर बोलती.

दार कुसुमने उघडलं. "ताई, हे काय झालं? बस आधी, मी पाणी आणतो. चहा टाकतो." तिकडच्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. बारा वर्षांत माझी बहीण पुरती तिकडची झाली आहे. तिच्या घरात कोणी आजारी नव्हतं. उलट तिचा नवरा श्रीपतराव, जो एका कचेरीत कारकून आहे, आणि तिचा दीर दिनकर, जो कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करतो, दोघं मला बघून असे खूश झाले की मला तिथंच संशय आला. दिनकरच्या डोक्यावर घरातसुद्धा रुंद काठाची हॅट होती.

रात्री तांबडा रस्सा समोर आला. त्यांनी मला जपून म्हणून पांढराच जास्त वाढला होता, पण मी हट्टाने तांबडा ओरपला आणि मग डोळ्यातलं पाणी पुसता पुसता सगळी हकिकत ऐकली.

गुरुवार, रसवंती

हकिकत अशी. कोल्हापुरात घोड्यांच्या इंग्रजी पिक्चरचं वेड आहे. हॅटवाले गोरे लोक, माळरान, बंदुका, ते पिक्चर. इंग्रजी कोणालाच येत नाही आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पिक्चरचं इंग्रजी नाव उच्चारायच्या भानगडीतसुद्धा कोणी पडत नाही. प्रत्येक पिक्चर त्यातल्या घोड्याच्या नावाने ओळखला जातो. लंगड्याचा पिक्चर. ठिपक्याचा पिक्चर. दोन भावांच्या घोडीचा पिक्चर. माणसं कोण होती हे विचारलं तर आठवावं लागतं.

आता नवा येणार होता. त्याचं पोस्टर तीन महिन्यांपासून चौकात लागलं होतं : काळा घोडा, पुढचा डावा पाय तेवढा पांढरा. त्यामुळे सगळी पेठ 'पांढऱ्या पायाच्या' पिक्चरची वाट बघत होती.

श्रीपतराव मला ज्या रसवंतीत घेऊन गेले तिचं दार बघून मी थांबलेच. उंबरठ्यावर कंबरेएवढ्या उंचीची फळ्यांची दोन झडपं, ढकलली की आत उघडतात आणि मागे येऊन आपटतात. रसवंतीचा मालक एक जुना पैलवान, सगळे त्याला वस्ताद म्हणतात. पिक्चरमधल्या दारूच्या गुत्त्याला अशी झडपं असतात म्हणून त्याने सुताराकडून ती करून घेतली होती. आत लांबलचक टेबल. वस्ताद या टोकाला उसाच्या रसाचा ग्लास ठेवतो आणि असा ढकलतो की तो घसरत घसरत दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाच्या हातात जातो. नेहमीच्या लोकांचा झेल सुटत नाही. माझा सुटला. दुसरी साडी गेली.

"असू दे बाई, सवयीनं जमतंय," वस्ताद म्हणाले आणि समोर बसले. "आता कामाचं बोलतो. आमच्यात दस्तगीरचाचा हाय. बारा वर्सं झाली, थेटरात तिसऱ्या रांगंत बाकावर बसतंय आन् समद्यांस्नी पिक्चर मराठीत सांगतंय. गोरा काय म्हणाला, बाई काय म्हणाली, समदं. त्यो हाय म्हणून आमास्नी पिक्चर कळतंय. आता ह्यो तुमचा दिनकर म्हणतोय, चाचाला इंग्रजी येत न्हाय, समदं मनचं सांगतंय."

"मनचंच सांगतो," दिनकर म्हणाला. "अक्का, गेल्या पिक्चरात जजसाहेब शिक्षा सुनावत होता, आणि चाचा म्हणाला, ह्याचं दात दुखत्यात."

"दुखतच हुतं की," मागून कोणीतरी म्हणालं. "पुढच्या सीनला गाल धरून बसलता."

तर ठरलं होतं असं की रविवारी पहिल्या खेळाला मी बसायचं. इंग्रजी शिकवणारी, बाहेरगावची, कोणाचं देणं ना घेणं. चाचा खरं सांगतो की खोटं ते पिक्चर सुटल्यावर मी सगळ्यांसमोर सांगायचं. खोटं निघालं तर चाचाने तिसऱ्या रांगेतलं बाक सोडायचं आणि तिथं दिनकर बसणार. चाचाने स्वतः हे कबूल केलं होतं.

मी म्हटलं, ठीक आहे. पेपर तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात मला अवघड काय?

त्याच दिवशी, खोगिरांचं दुकान

ज्याची परीक्षा घ्यायची त्याला आधी बघावं म्हणून संध्याकाळी मी एकटीच दस्तगीरभाईंच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक फळी, तिच्यावर चामडं, आरी, मेणाची दोरी. भिंतीला टांग्यांच्या घोड्यांचे लगाम, पट्टे, एक जुनं खोगीर. साठीचा, बारीक माणूस. डोक्याला टोपी, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी उठून माझ्यासाठी स्टूल पुसलं.

मी सरळ विचारलं, "दस्तगीरभाई, तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"न्हाय की," ते म्हणाले. इतकं सहज, जसं काही मी त्यांना पोहता येतं का विचारलं होतं.

"मग सांगता कसं?"

त्यांनी भिंतीवरचा एक रुंद पट्टा काढून माझ्या हातात दिला. "ह्येला तंग म्हनत्यात. घोड्याच्या पोटाखालनं आवळायचा, म्हंजे खोगीर हलत न्हाय. मानूस मुक्कामाला उतरला की पयला तंग ढिला करतोय. घोड्याला बी श्वास पायजे. ज्येनं ढिला केला न्हाय, त्येला जायाचं असतंय. तोंडानं काय बी म्हनू दे. आन् घोड्याचं कान बघायचं. कान मागं गेलं की समजायचं, पाठीवरचा भ्यालाय. मानसाच्या तोंडाकडं मी बघतच न्हाय, बाई. पन्नास वर्सं मी मानसं घोड्यावरनंच वळखतोय."

मी पट्टा परत दिला. तो भिंतीला अडकवता अडकवता ते म्हणाले, "आता टांगं कुठं ऱ्हायलं? रिक्षा आल्या. दुकानात दिवसाला एक मानूस येतंय, ते बी पत्ता इचारायला. थेटरात तीनशे मानूस माझं ऐकतंय. तेवढंच हाय."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाईट वाटलं म्हणून मी एकोणीस वर्षांत कोणाला पास केलेलं नाही. मी म्हटलं, "मी जे खरं असेल तेच सांगणार."

"सांगा की. निस्तं एक करा. पिक्चर संपल्यावर सांगा, मधी नगं. मानसं पिक्चर बघायला आलेली असत्यात."

घरी आल्यावर कुसुम भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, दिनकर घरचा आहे. घरच्या माणसाकडं बघून सांग." मी म्हटलं, मी कोणाकडेच बघणार नाही. त्यावर तिने माझ्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

शुक्रवार आणि शनिवार, पेटीची वाट

पिक्चर ज्या पत्र्याच्या पेटीतून येतो ती पेटी मिरजेहून रेल्वेने येते. शुक्रवारी सकाळी सहाला अर्धी पेठ स्टेशनवर हजर. मीही गेले, कारण घरात राहिले असते तर कुसुमचं तोंड बघावं लागलं असतं. गाडी आली, पेटी आली नाही. दुपारच्या गाडीला पुन्हा सगळे गेले. तीही रिकामी. संध्याकाळी अफवा उठली की पेटी इचलकरंजीकरांनी मधेच उतरवून घेतली. वीसएक जण सायकली काढून निघालेसुद्धा होते, वस्तादांनी त्यांना अडवलं. त्या दिवशी रसवंतीत ग्लास कोणी ढकलले नाहीत, सगळ्यांना हातात दिले.

दिवस अगदीच वाया गेला असं म्हणणार नाही. श्रीपतरावांनी मला गंगावेशीत दूध पाजायला नेलं. तिथे म्हशी रस्त्यावर उभ्या असतात आणि तुमच्या डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. दूध तापवल्याशिवाय पिऊ नये असं मी आठवीच्या वर्गाला बजावत असते. मी दोन ग्लास प्यायले.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने पेटी आली. पेटी म्हणजे चेपलेला पत्रा आणि त्याच्यावर चिकटवलेले कागद, पण लोकांनी तिला हार घातला. हलगी कडकडायला लागली. दोन पैलवानांनी पेटी खांद्यावर घेतली, गुलाल उडाला, थेटरचा मॅनेजर मागून "अरे गुलाल आत जाईल, आत जाईल" म्हणत धावत होता. मिरवणूक अंबाबाईच्या दारात थांबली. तिथे नारळ फोडला आणि पेटीवर पाणी शिंपडणार तेवढ्यात मॅनेजर पेटीवर आडवा पडला. आमच्याकडे नवरा मुलगासुद्धा याहून गुपचूप मांडवात येतो.

गर्दीत मला दस्तगीरभाई दिसले. ते पेटीजवळ गेले नाहीत. लांबून बघत होते, आणि माझी नजर गेली तशी त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. दिनकर पेटीच्या पुढे नाचत होता.

रविवार, तिसरी रांग

सकाळचा खेळ. माझ्यासाठी बाकाच्या शेजारी एक लोखंडी खुर्ची ठेवली होती. उजवीकडे दस्तगीरभाई, डावीकडे हॅट घातलेला दिनकर. मागच्याने ओरडून ती हॅट काढायला लावली. मी मांडीवर वही उघडली, मधोमध रेघ मारली, एकीकडे 'बरोबर', दुसरीकडे 'चूक' लिहिलं आणि पेन्सिल हातात धरली.

पडद्यावर धूळ उडाली. धुळीतून काळा घोडा आला, पुढचा डावा पाय पांढरा, आणि थेटर नुसतं उसळलं. शिट्ट्या, टोप्या, सगळं त्या घोड्याला. वर बसलेल्या नायकाकडे कोणी बघितलंही नाही. मग तो नायक उतरला, त्याने दातात विडी धरली आणि एक वाक्य बोलला.

मला ते कळलं नाही.

म्हटलं, पहिलंच वाक्य आहे, कान बसायला वेळ लागतो. दुसरंही कळलं नाही. मग एक लाल दाढीवाला आला आणि त्या दोघांनी दहा मिनिटं गप्पा मारल्या. मी खुर्चीच्या कडेला येऊन, मान पुढे काढून ऐकत होते. मला ज्या प्रोफेसरांनी इंग्रजी शिकवलं ते कुडाळचे होते. त्यांना ज्यांनी शिकवलं ते सावंतवाडीचे. गोरा माणूस तोंडात विडी धरून, नाकातून, अर्धे शब्द गिळून बोलतो तेव्हा काय होतं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. पाऊण तासात मला एक शब्द कळला : कॉफी. माझे कान तापले. वहीतले दोन्ही रकाने कोरे होते.

आणि तरी मला पिक्चर कळत होता. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. उजवीकडून तो खरखरीत, संथ आवाज येत होता, सबंध थेटर गप्प राहून ऐकत होतं आणि मीही ऐकत होते. "आता बघा, ही बाई म्हनतीया जा, पर घोड्याचा लगाम सोडंना. म्हंजे ऱ्हा म्हनतीया." "ह्यो नवा आलेला गडी लई फुशारक्या मारतोय, पर रिकिबीत पाय बघा कसा घातलाय, आयुष्यात दुसऱ्यांदा घोड्यावर बसलाय." पुढच्याच मिनिटाला तो गडी खाली पडला आणि लोकांनी चाचाला टाळ्या दिल्या.

मध्यंतरानंतर माळावर शेकोटी पेटली. नायक आणि लाल दाढीवाला जेवायला बसले. दाढीवाला हसून हसून बराच वेळ बोलला. दिनकरला राहवेना. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तो म्हणतोय, मित्रा, आता झोप, सकाळी आपण दोघं मिळून निघू."

थेटर चाचाकडे वळलं. दस्तगीरभाई म्हणाले, "म्हनत असंल की. पोरगं शिकलेलं हाय. पर मागं त्येचं घोडं बघा."

मी बघितलं. तीनशे माणसांनी बघितलं. शेकोटीच्या मागे, अंधारात, दाढीवाल्याचा तांबडा घोडा उभा होता. पांढऱ्या पायाच्याचा तंग सैल होऊन लोंबत होता. तांबड्याचा पोटात रुतला होता.

"मुक्काम करनार म्हनतोय, आन् तंग आवळलेला हाय," दस्तगीरभाई हळूच म्हणाले. "ह्यो दगा देनार."

मी वही मिटली आणि रुमाल मुठीत गच्च धरला. नायक झोपला. दाढीवाला उठला, नायकाच्या उशाची सोन्याची पिशवी उचलली आणि तांबड्यावर बसून पसार झाला. माझ्या मागचा माणूस नायकाला मराठीत उठवायला लागला. त्यात माझाही आवाज होता असं नंतर श्रीपतराव म्हणाले, मला आठवत नाही.

निकाल

पिक्चर सुटल्यावर सगळे रसवंतीसमोर जमले. वस्तादांनी मला खुर्चीवर बसवलं. दिनकर माझ्या मागे, अगदी घरच्यासारखा. दस्तगीरभाई समोर उभे होते, टोपी काढून हातात धरली होती, आणि बोटांनी तिची कड चाचपत होते. एवढी माणसं होती, पण झडपांचा करकर आवाज तेवढा येत होता.

खरं सांगते, मला खोटं बोलायचा मोह झाला. 'बरोबर' म्हटलं की चाचाचं बाक राहिलं असतं आणि माझीही अब्रू झाकली गेली असती. पण मी या माणसाला दुकानात बजावून आले होते की खरं तेच सांगणार.

"मला या पिक्चरमधलं इंग्रजी कळलं नाही," मी म्हटलं. "कॉफी सोडून एक शब्द नाही."

कोणी हसलं नाही, हे कोल्हापूरकरांचे उपकार. दिनकरने पुढे येऊन माझ्या तोंडाकडे बघितलं. श्रीपतराव आकाशाकडे बघायला लागले.

"दिनकरने सांगितले ते शब्द बरोबर असतील," मी म्हटलं. "दाढीवाला तसंच म्हणाला असेल. पण तेवढंच ऐकलं असतं तर मी त्या दाढीवाल्यावर विश्वास ठेवला असता आणि फसले असते. दस्तगीरभाईंचं ऐकून फसले नाही. मला जो काही पिक्चर कळला तो यांच्यामुळे."

वस्तादांनी मान खाजवली. "म्हंजे बाई, पास का नापास?"

"पास. पैकीच्या पैकी. आणि मी नापास."

दस्तगीरभाईंनी टोपी डोक्यावर घातली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दिनकरकडे. तो बिचारा हॅट पाठीमागे लपवून उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बाकावर जागा लई हाय रं. फुडल्या ऐतवारी शेजारी बस. शबूद तू सांग, खरं मी सांगतो."

मग वस्तादांनी सगळ्यांना रस दिला. माझ्याकडे ग्लास ढकलला तेव्हा मी तो झेलला. कुसुमने रात्रीपर्यंत अबोला धरला आणि मग स्वतःच तांबडा रस्सा वाढायला आली.

परत घरी

सोमवारी निघाले. येताना पिशवीत गूळ होता, बाटली नव्हती.

हे लिहायला बसेपर्यंत हे सगळं मी आमच्या शाळेत कोणाला सांगितलेलं नव्हतं. कॉफीचं तर नाहीच. पण गेल्या महिन्यात आमच्या गावात तंबूतला सिनेमा आला आणि त्यात एक खेळ घोड्यांच्या इंग्रजी पिक्चरचा. हेडमास्तर सहकुटुंब माझ्या शेजारी येऊन बसले. बाई आहेत, बाई समजावून सांगतील. पडद्यावर एक गृहस्थ घोड्यावरून उतरला, घरातल्या बाईसमोर गुडघे टेकून बसला आणि काहीतरी फार गोड बोलायला लागला. हेडमास्तर म्हणाले, "काय म्हणतोय हो?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. "जन्मभर तुझ्याजवळ राहीन म्हणतोय," मी म्हटलं. "पण राहणार नाही. आत्ताच जाईल."

तो गेला. हेडमास्तरांनी तोंडात बोट घातलं. "बाई, इतक्या वर्षांत आम्हाला पत्ता नव्हता. इतकं इंग्रजी शिकलात कुठं?"

"कोल्हापूरला," मी म्हटलं, "मंगळवार पेठेत."

त्यांनी आदराने मान हलवली. तिथे फार मोठं कॉलेज असणार असं त्यांना वाटलं, आणि मी काही त्यांची समजूत मोडली नाही.